माहेरी जाताना कार्ड सोबत न्या : शेवटच्या तीन महिन्यांतला बीपी



आम्ही बचत गटांच्या समन्वयक. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत गटाच्या बैठकीला गेलो, की हप्त्यांचा हिशेब झाल्यावर घरच्या गोष्टी निघतात. त्यात एक प्रश्न नेहमी येतो. "पोरीचं सगळं बरं चालू होतं, मग आठव्यातच बीपी कसा काय वाढला?" काही ठिकाणी याचं उत्तरही घरच्यांनी आधीच देऊन टाकलेलं असतं. "ते लय टेन्शन घेते," "तिचा सोभावच रागीट हाय." म्हणजे दुखणं पोरीचं आणि दोषही पोरीचाच.

आज आम्ही याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. पोटातलं बाळ वाढतं तेव्हा आईच्या रक्तात काय बदल होतात, बीपी का वाढतो, आणि आपल्या वऱ्हाडातल्या एका चांगल्या रीतीमुळे तो कसा नजरेतून सुटतो, ते पाहू.

बीपी म्हणजे काय

हृदय पंपासारखं रक्त ढकलतं. त्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो रक्तदाब, म्हणजे आपला बीपी. त्याचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा वरचा आकडा आणि हृदय सैल पडतं तेव्हाचा खालचा. नर्सबाई '११० बाय ७०' म्हणतात ते हेच.

गरोदरपणात वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर बीपी वाढला असं धरतात. दोन्ही आकडे वाढायला हवेत असं नाही, एक वाढला तरी पुरे. खात्रीसाठी किमान चार तासांनी पुन्हा मोजतात. पण वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर चार तास थांबायचं नाही. काही मिनिटांतच पुन्हा मोजून लगेच दवाखान्यात न्यायचं.

हार्मोन काय करतात

हार्मोनला पुस्तकात संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या ग्रंथी हे पदार्थ तयार करून रक्तात सोडतात. ते रक्तातून फिरतात आणि एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाला पोचवतात. गरोदरपणात वारसुद्धा हार्मोन तयार करते. म्हणजे वार ही नुसती बाळाला अन्न पोचवणारी पिशवी नाही, नऊ महिन्यांपुरती ती एक ग्रंथीही असते.

दिवस गेल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. ते गर्भपिशवी शांत ठेवतं, वेळेआधी कळा येऊ देत नाही. त्याच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीही सैल होतात. याच काळात आईच्या अंगातलं रक्त वाढत जातं आणि शेवटच्या महिन्यांत ते जवळजवळ दीडपट होतं. रक्त वाढलं तर दाब वाढायला हवा, पण वाहिन्या सैल झालेल्या असल्यामुळे मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडा उतरतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो पुन्हा हळूहळू पहिल्या ठिकाणी येतो. एवढा चढ सगळ्यांनाच असतो.

आणखी एक हार्मोन आहे, ॲन्जिओटेन्सिन. त्याचं काम रक्तवाहिन्या आवळण्याचं. निरोगी गरोदरपणात आईच्या वाहिन्या त्याचं फारसं ऐकत नाहीत. ज्या बाईचा बीपी वाढणार असतो, तिच्या वाहिन्या मात्र त्याचं जरुरीपेक्षा जास्त ऐकू लागतात.

बिघाड कुठे होतो

शेतात जायची पांदण अरुंद असेल तर पायी माणूस जातो, बैलगाडी जात नाही. गर्भपिशवीकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या आधी अशाच अरुंद असतात. पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या पेशी त्या वाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करतात. मग बाळाला भरपूर रक्त मिळतं.

काही बायकांत ही पांदण पुरेशी रुंद होत नाही. बाळ लहान असतं तोवर भागतं. सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची गरज वाढते आणि रक्त कमी पडू लागतं. तेव्हा वार आईच्या रक्तात काही प्रथिनं जास्त प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर मऊ आणि धड ठेवणारे जे पदार्थ आईच्या रक्तात असतात, त्यांना ही प्रथिनं पकडून ठेवतात. मग अंगभर वाहिन्या आवळतात. बीपी चढतो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडते आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. यकृत, मेंदू, डोळे, सगळीकडे ताण येतो. या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात.

आता विचार करा. बिघाडाची सुरुवात वार रुजताना होते, दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या आसपास. बीपी दिसतो सातव्या-आठव्यात. मग तो पोरीच्या रागामुळे किंवा सुनेच्या स्वभावामुळे झाला कसा म्हणायचा? एखादी गोष्ट लपवल्यामुळे किंवा उंबरठ्यावर बसल्यामुळेही तो होत नाही.

जगात शंभर गरोदर बायकांपैकी साधारण तीन ते आठ जणींना हा आजार होतो. बाळंतपणाशी निगडित मृत्यूंमध्ये दर सहा-सात मृत्यूंमागे एक मृत्यू गरोदरपणातल्या बीपीच्या आजारांमुळे होतो. धोका कोणाला जास्त? पहिलटकरणीला, जुळी असतील तिला, फार कमी वयात किंवा पस्तिशीनंतर दिवस गेलेलीला, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलीला, वजन फार जास्त असलेलीला, मागच्या खेपेला बीपी वाढला होता तिला, आणि जिच्या आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता तिला. अशा बाईने तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना हे सांगावं. धोका जास्त वाटला तर डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू करतात. ती आपल्या मनाने घ्यायची नाही.

दुखत नाही, म्हणून मोजावं लागतं

वाढलेला बीपी बहुतेक वेळा दुखत नाही. पोरगी भाकरी थापत असते, शेतात कापूस वेचत असते, हसत-बोलत असते, आणि बीपी १५० असतो. डोकं ठणकायला लागतं तोवर आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. म्हणून मोजणं हाच एक उपाय.

मोजतानाही काही गोष्टी पाळाव्या लागतात. एसटीतून उतरून धापा टाकत आली आणि लगेच दंडाला पट्टा बांधला, तर आकडा खरा येत नाही. आधी लघवीला जाऊन यावं. पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नको. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नको, उघड्या दंडावर हवा. हात छातीच्या उंचीला टेकवावा. मोजताना बोलू नये. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, खर्रा काही नको. तंबाखू तर गरोदरपणात मुळीच नको.

मोजून झाल्यावर नर्सबाईंना आकडा विचारा. 'नॉर्मल आहे' एवढ्यावर उठू नका. आकडा कार्डावर लिहून घ्या. कारण एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची रांग जास्त सांगते. पाचव्या महिन्यात १०० बाय ६० असलेला बीपी आठव्यात १३० बाय ८४ झाला, तर तो अजून १४०-९० च्या आत आहे. पण तो चढतो आहे. नर्सबाईंना तो दाखवा आणि पुढची तपासणी लवकर करून घ्या. लघवीही दर वेळी पट्टीवर तपासून घ्या.

माहेरी जाताना रांग तुटते

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि पोरगी आईकडे येते. रीत चांगली आहे. पोरीला विसावा मिळतो, आईच्या हातचं खायला मिळतं.

पण पाहा, सासरच्या आशाताईने पहिल्या सहा महिन्यांचे आकडे लिहिलेले असतात. पोरगी माहेरी येते आणि कार्ड सासरच्या कपाटात राहतं. सासरच्या आशाताईला वाटतं ती तिकडे तपासते आहे. माहेरच्या आशाताईला ती आल्याचंच माहीत नसतं. बीपी वाढण्याचा खरा धोका शेवटच्या तीन महिन्यांत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पोरगी कोणाच्याच यादीत नसते. दर्यापूरची लेक मूर्तिजापूरला सासरी असेल, तर जिल्हाही बदलतो. ही चूक कोणा एकाची नाही, पण तिची किंमत पोरगी आणि बाळ मोजतात.

म्हणून माहेरी जाताना साडी-चोळीच्या आधी माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत ठेवा. सोबत सोनोग्राफी आणि रक्ताचे कागद, चालू गोळ्या आणि आधार कार्ड. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आशाताईला भेटा आणि उपकेंद्रात नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. माहेरी आलेलीलाही तिथे जाता येतं. सातवा-आठवा लागला की दोन आठवड्यांनी आणि नववा लागला की दर आठवड्याला बीपी मोजलेला बरा. बीपी आधीच वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

सूज, मीठ आणि खारं पाणी

"पायावर सूज तं पहिलटकरणीले येतेच," असं म्हणतात. ते बरंचसं खरं आहे. अकोल्याच्या मे महिन्यात दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी पाय सुजतात, रात्री पाय उंच ठेवून झोपलं की उतरतात. नुसत्या पायाच्या सुजेवरून बीपी ठरत नाही. बीपी वाढला तरी काहींना सूज येत नाही. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असेल, बांगड्या किंवा अंगठी अचानक घट्ट झाली असेल, चार-आठ दिवसांत वजन एकदम वाढलं असेल, तर त्याच दिवशी बीपी मोजा.

सूज दिसली की घरात मीठ बंद करतात. अळणी खाऊन हा आजार टळत नाही, पोरीचं जेवण मात्र कमी होतं. रोजच्या स्वयंपाकातलं मीठ चालू द्या. पापड, लोणचं, वेफर्स यांचा मारा नको. आधीपासून बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तसं करा.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट. बांगलादेशाच्या समुद्रकाठच्या डाकोप भागात संशोधकांनी पाहिलं, की जास्त खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांत बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त होतं. तो अभ्यास तिथल्या पाण्याचा आहे. पण खारपाणपट्ट्यातल्या घरांनी त्यातून एवढी खबरदारी जरूर घ्यावी, की वान किंवा शहानूर धरणावरच्या योजनेचं गोडं पाणी आलं की त्यातलं पिण्याचं आणि वरण-भाजीचं पाणी गरोदर बाईसाठी आधी बाजूला काढावं. बोअरचं पाणी धुण्या-भांड्यांना वापरावं.

जेवणात कॅल्शियम कमी असेल तर या आजाराचा धोका वाढतो. म्हणून सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या देतात. त्या जेवणानंतर घ्यायच्या. लोहाची गोळी त्यांच्यासोबत नको, किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. जोडीला दही-ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका

डोकं खूप ठणकून राहिलं आहे आणि थांबत नाही. डोळ्यांपुढे अंधारी, काजवे, अंधूक दिसणं. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं. ते पित्त समजून सोडा पाजू नका. तोंडावर आणि हातांवर सूज. लघवी कमी होणं. दम लागणं. बाळाची हालचाल कमी होणं. अंगावरून रक्त जाणं. यातलं एकही लक्षण असेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला नेणं-आणणं, तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझरसुद्धा, हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

झटके आले तर ती बाहेरची बाधा नाही, अंगात येणंही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. दातखीळ उघडायला चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या लागण्यासारख्या वस्तू दूर करा आणि गाडी बोलवा. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला एक तास परत मिळत नाही.

दवाखान्यात झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे १० हजार बायकांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या बाईला हे इंजेक्शन दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याने कमी होतो, असं त्यात दिसलं. औषध स्वस्त आहे आणि जुनं आहे. आपल्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई यांनी भारतीय बायकांचं कमी वजन लक्षात घेऊन त्याची कमी मात्रेची पद्धत आखली. ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या इंजेक्शनचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवता येतं. म्हणून गाडी थेट शहराकडे पळवण्याआधी जवळच्या केंद्राला फोन करून विचारा.

मेळघाटातून घाट उतरून परतवाड्यामार्गे अमरावती गाठायला काही तास जातात. तिथे दिवस भरत आलेल्या, धोक्यातल्या बाईने आधीच दवाखान्याजवळ येऊन राहिलेलं बरं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यासाठीच 'माहेरघर' केलेलं आहे. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग ही जिल्हा स्त्री रुग्णालयं सगळ्यांना माहीत आहेत. पण तिथवर पोचेपर्यंतचा रस्ता आधी ठरलेला हवा.

वार पडल्यावरही धोका असतो

हा आजार वारेपासून होतो, म्हणून वार बाहेर आल्याशिवाय तो मुळातून जात नाही. बीपीच्या गोळ्या आईला सांभाळतात आणि बाळाला वाढायला वेळ देतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. गरोदरपणाआधीच्या बीपीच्या काही गोळ्या बाळाला चालत नाहीत, त्या डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. प्री-एक्लॅम्प्सियात ३७ आठवडे झाले की डॉक्टर बाळंतपण करायला सांगतात, फार वाढला तर त्याआधीही. "डॉक्टरले सिझरची घाई हाय," असं लगेच म्हणू नका. पुष्कळदा औषधाने कळा आणूनही बाळंतपण होतं. घाई का करायची आणि थांबलं तर काय होईल, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

बाळ झालं की घरचे पेढे वाटतात आणि बीपी विसरतात. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही बीपी चढू शकतो, झटके येऊ शकतात. सहा आठवडे काळजी घ्यावी लागते. बाळंतिणीचं डोकं दुखलं की "वारं लागलं" म्हणून कानाला फडकं बांधतात. फडकं बांधा, पण बीपीही मोजा. आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, तेव्हा आईलाही दाखवा. आणि ज्या बाईला हा आजार झाला, तिला पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिने वर्षातून एकदा बीपी मोजलाच पाहिजे, मूल दहावीला गेलं तरी.

गट काय करू शकतो

आम्ही गटांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, दर बैठकीत सातवा महिना लागलेल्या बायांची यादी वाचा. त्यात गावच्या सुनांसोबत माहेरी आलेल्या लेकीही घ्या, आणि ती यादी आशाताईला द्या. दुसरी, बाळंतपणाच्या अडचणीसाठी गटातून उचल द्यायला बैठकीची वाट पाहावी लागू नये. रात्री दोन पदाधिकाऱ्यांनी होकार दिला की पैसे मिळतील, असा ठराव आधीच लिहून ठेवा. तिसरी, रात्री निघू शकणाऱ्या गावातल्या दोन गाड्यांचे नंबर प्रत्येक गरोदर बाईच्या घरी भिंतीवर लिहा, १०८ च्या खाली.

आणि सासूबाईंनो, आईंनो, तुम्हाला वेगळं सांगतो. दवाखान्यात न्यायचं की नाही, हे पुष्कळ घरांत तुमच्याच शब्दावर ठरतं. पोरगी "मले कसंतरीच होऊन राहिलं" म्हणाली, तर "आम्ही नाही का बाळंत झालो" असं म्हणू नका. आधी तिचा आकडा विचारा. आकडा माहीत नसेल तर तिला उपकेंद्रात घेऊन जा.

पुढच्या बैठकीत यादी वाचाल, तेव्हा प्रत्येक नावापुढे शेवटचा बीपी आणि तो मोजल्याची तारीख लिहा. जिच्या नावापुढची जागा रिकामी राहील, तिच्या घरी त्याच दिवशी जा.